फुंके सर आणि दगडाचा फेस

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडाला पाव होता आणि ते खात नव्हते. फुंकत होते. नांदेडला आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. तिथं उभं राहून सरांनी पावाचा एक चौकोनी तुकडा कापून घेतला, एका अंगाला ओठ लावले, दुसऱ्या अंगाला स्वतःचं मनगट धरलं आणि गाल फुगवले. मग टपरीवाल्याला म्हणाले, "कालच्यापेक्षा घट्ट हाय. पीठ कमी फुगलं का रे?"

टपरीवाला वर न बघता म्हणाला, "हाव सर. बेकरीवाल्याच्या घरी लग्न हाय. कुणाचं ध्यान न्हाई पावावर." आणि माझ्या हातातली नवीकोरी वही बघून मला म्हणाला, "पैलं वर्ष का? ह्यांच्याच हाताखाली शिकायचंय तुला. भिऊ नको, चावत न्हाईत."

पोरं त्यांना फुंके सर म्हणायची. त्यांना ते माहीत होतं, आणि आडनावापेक्षा ते बरं वाटत असावं. जाळीदार दिसलेली एकही वस्तू त्यांनी न फुंकता सोडली नाही. वाळलेलं घोसाळं, पाय घासायचा दगड, मधमाश्यांचं रिकामं पोळं. नायगावला एका शिपायाच्या मुलीचं लग्न होतं, तिथं भर पंगतीत सरांनी ताटातला अनारसा उचलला आणि फुंकला. नवरदेवाचे मामा वाढायला उभे होते. ते म्हणाले, "सर, गारच हायत ते. सकाळचे."

सर म्हणाले, "म्हणूनच फुंकून राहिलो. गरम असते तर हवा पातळ झाली असती, हिशेब चुकला असता."

मामा पुढच्या पंगतीला आमच्या रांगेकडे फिरकलेच नाहीत.

आता सांगते हे कशासाठी. फेस म्हटलं की तुम्हाआम्हाला साबण आठवतो. सरांना दगड आठवायचा. फेस उठावा आणि उठल्या उठल्या घट्ट होऊन बसावा, अशा वस्तू असतात. कुणी ॲल्युमिनियमच्या करतं, कुणी भाजलेल्या मातीच्या. वरून वीट दिसते, पण आत सगळी पोकळी. काडी काडी एकमेकींना चिकटून घरंच घरं झालेली, आणि प्रत्येक घराला खिडक्या. एका बाजूनं हवा किंवा पाणी ढकललं की दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं. पण त्या घराघरांतून जाताना त्याचा जोर खर्च होतो, दाब पडतो, म्हणजे कमी होतो. किती पडेल? नुसती वीट बघून, हवा सोडायच्या आधी, हे सांगता येईल का? एवढा एकच प्रश्न घेऊन सर नोकरीला लागले आणि तोच घेऊन निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांच्याबरोबरचे लोक प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले. सर लेक्चररच राहिले. दरवर्षी कॉलेजातून कागद यायचा, यंदा किती शोधनिबंध? सर त्यावर लिहायचे, "अजून मोजून राहिलो."

पुस्तकात सूत्र नव्हतं असं नाही. होतं. पण ते गोट्यांनी भरलेल्या नळीसाठी बनवलेलं. लोक तेच उचलून फेसाला लावायचे आणि आकडा चुकला की फेसाला नावं ठेवायचे. सर चिडायचे ते एवढ्याच गोष्टीवर. "गोट्यांच्या घरचं सूत्र हाय ते! फेसाच्या घरी पाव्हणं म्हणून आलं आन् मालक होऊन बसलं. गोट्यांत दगड जास्त, पोकळी कमी. इथं उलटं हाय. शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी भाग नुसती हवा. तिला गोट्यांचा कायदा कसा लावून राहिले हे लोक?"

त्यांच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. आधी लिहा, मग मोजा. विटेचे एका इंचात किती खळगे येतात ते भिंग लावून मोजायचे, जाडी बघायची, हवेचा वेग ठरवायचा, आणि दाब किती पडेल तो आकडा चिठ्ठीवर लिहून तुपाच्या एका रिकाम्या डब्यात टाकायचा. सर स्वतःचीही चिठ्ठी टाकायचे. मगच पंखा सुरू. मोजायला काचेची नळी होती, रंगीत पाण्याची. पाणी किती सरकलं त्यावरून दाब. फरक बारीक असायचा म्हणून सर नळी तिरपी बांधायचे, म्हणजे एक मिलिमीटर चढायला पाण्याला दहा मिलिमीटर पळावं लागे. पाण्यात रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग, त्यामुळं सरांची बोटं बारा महिने गुलाबी. आणि मोजून झाल्यावर जो म्हणेल "सर, मला वाटलंच होतं," त्यानं ती नळी रिकामी करून, धुऊन, एकही बुडबुडा न ठेवता परत भरायची. बुडबुडा निघता निघत नाही. मी तीनदा भरली आहे.

मला ते तेव्हा मूर्खपणाचं वाटायचं. बाहेर जग पेटलंय आणि हा माणूस विटेच्या खिडक्या मोजतोय! मी विद्यार्थ्यांच्या संघटनेत होते, पत्रकं लिहायचे. आजही लिहिते. एका वाक्याला तीन उद्गारचिन्हं, असा माझा हात तयार झालेला. पहिलं पत्रक मी मोठ्या ऐटीत सरांना दिलं. लातूरच्या डाळ मिलमधल्या धुळीवर होतं ते. सरांनी लाल पेन काढलं. 'सर्व', 'कायम', 'कधीच नाही', एवढेच शब्द गोल केले.

"सर्व मिलमधल्या सर्व बाया खोकतात. मोजलंस?"

"सर, ते भावनेनं लिहिलंय."

"बरं. भावना किती मिलिमीटर?"

मी भडकले. म्हणाले, "सर, माझी आई त्या मिलमध्ये कामाला आहे. सकाळी उठली की पहिला अर्धा तास ती नुसती खोकते. ते मोजायला मला नळी लागत नाही."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "हे लिही की मंग. हे मोजलेलं हाय."

त्यांचं गाव देवणीकडं, कर्नाटकच्या शिवेला. राग आला की कानडीत यायचे. 'सुम्ने बस' म्हणजे गप बस. वर्गात कुणी फार बोललं की सुम्ने बस. प्राचार्यांनाही एकदा म्हणाले म्हणतात. मला मात्र ते 'पुढारीण' म्हणायचे. "काय पुढारीण, आज कुणाला पाडून राहिलीस?"

त्यांचं शिकवणं कसलं होतं ते सांगते. हळू हवा आणि वेगाची हवा यांतला फरक आम्हाला फळ्यावर कळेना. सर आम्हा सहा जणांना घेऊन नांदेडच्या एसटी स्टँडवर आले. आठवडी बाजाराचा दिवस, फलाटावर मुंगीला जागा नाही. म्हणाले, "ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू चाला. किती कोपरं लागली मोजा." आम्ही चाललो. पाच-सात लागली. "आता दुप्पट वेगानं." आम्ही धावलो. कोपरं, पिशव्या, एकाचं डोकं, एका आजीची शिवी. माझी चप्पल तुटली.

"दुप्पट लागली का?"

"लई जास्त, सर!"

"हळू गेलं की अडथळा वेगाइतका वाढतो. पळालं की वेगाच्या वर्गानं वाढतो. दोन्ही मिळून एक सूत्र होतं. ल्या लिहून." आणि त्या शिवी देणाऱ्या आजीला हात जोडून म्हणाले, "माय, पोरं शिकून राहिलीत."

आजी म्हणाली, "मेली दुसरीकडं शिकत न्हाईत व्हय?"

हे सगळं मी आज हसत सांगते, पण सर गेल्या हिवाळ्यात गेले, त्यांच्या गावीच. त्यांची प्रयोगशाळा त्याआधीच गेली होती. तिथं आता संगणक आहेत, पडद्यावर निळी-तांबडी हवा वाहते आणि आकडा खाली आपोआप येतो. सरांच्या दोन कपाटांतला फेस भंगारात निघाला. कुणी विचारलंसुद्धा नाही की हे काय आहे. मला राग येतो. पण या लेखात रागवायचा हक्क मला किती आहे, ते पुढं बघा.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमच्या पत्रकांचा लातूरच्या त्या मिलमध्ये थोडा गाजावाजा झाला. बाया एक दिवस काम थांबवून फाटकात बसल्या. मालक वाईट माणूस नव्हता, पण कातावला होता. तो म्हणाला, "पंखा बसवतो ना मी, कुठं न्हाई म्हणतो? पण पंखा लावला की धूळ गल्लीत जाती, गल्लीवाले भांडायला येतात. धूळ अडवायला कापड लावलं तर पेटायची भीती. डाळीची धूळ लई लवकर पेट घेती. सांगा मी काय करू?"

मी नांदेडला येऊन सरांना सांगितलं. सर उठले. मग कपाटामागून एक खोकं ओढून काढलं. भाजलेल्या मातीच्या फेसाच्या सोळा विटा, शाळेच्या पाटीएवढ्या, दोन बोटं जाड. कारखान्यात वितळलेला धातू गाळायला वापरतात तशा. कडा तुटल्या म्हणून कुणीतरी बाद केलेल्या. "ह्या पेटत न्हाईत. आठ विटांची चौकट करू, तिच्या मागं पंखा. धूळ विटेत अडकंल, हवा बाहेर जाईल. प्रश्न एवढाच हाय, पंख्याला ओढवंल का? दाब दहा मिलिमीटरच्या वर पडला तर तो पंखा नुसता ओरडंल, ओढणार न्हाई." मग म्हणाले, "कोऱ्या विटेचं मी सांगतो. पण धूळ बसल्यावर? मला मिलमधली धूळ पायजे. पावशेर. पुढच्या आठवड्यात घरी चाललीस ना? घेऊन ये."

मी गेले नाही. त्या आठवड्यात आमच्या संघटनेचं अधिवेशन होतं आणि मी भाषण करणार होते. सरांना तोंड कसं दाखवायचं म्हणून नांदेडातच कॉलेजजवळच्या पिठाच्या गिरणीत गेले. तिथं डाळ दळतात, कोपऱ्यात पिवळी धूळ साचलेली असते. ती पिशवीत भरली. धूळ म्हणजे धूळ. डाळ म्हणजे डाळ. सरांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मिलमधली, सर."

सरांनी चिमूट घेऊन बघितली. "कोरडी हाय. झटकून पडंल." आठवडाभर त्यांनी ती धूळ विटांवर उडवली, मोजली, परत उडवली. मग चिठ्ठी लिहिली: कोरी असताना तीन, महिन्यानं पाच. महिन्यातून एकदा झटकली की पुरे.

मी म्हणाले, "सर, हे पत्रकात छापते."

"खबरदार. ते भाकीत हाय. वचन न्हाई. पंखा लागू दे, मोजू दे."

मी छापलं. 'महिन्यातून एकदा झटका, धुळीपासून कायमची सुटका!!!' खाली नांदेडच्या तज्ज्ञांचा हवाला.

पंखा लागला. सर स्वतः आले होते. चौकटीशेजारी तिरपी नळी बांधली, गुलाबी पाणी भरलं, दहाच्या खुणेवर लाल रेघ मारली आणि बायांना सांगितलं, "पाणी ह्या रेघेच्या वर गेलं तर मला फोन करा." त्या दिवशी पाणी तीनवर होतं. मी माझंच पत्रक विटांपुढं धरलं, ते फटकन चिकटलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. आई लांब उभी होती. मला वाटलं, हिला अभिमान वाटतोय.

चौथ्या दिवशी मालकाचा फोन आला.

आम्ही पोचलो तेव्हा पंखा दम लागल्यासारखा ओरडत होता. पाणी रेघेच्या पार गेलेलं. सरांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, विटांपुढं धरलं आणि सोडलं. ते खाली पडलं. मिलमधल्या वीस-बावीस बाया ते बघत होत्या.

मालक म्हणाला, "मास्तर, महिना म्हणला होतात. छापून आलंय. मी भोक पाडलं भिंतीला. आता काय करू? गवंडी बोलावून बुजवतो. उद्या मला कुणी पंख्याचं नाव काढायचं न्हाई."

तेव्हा आई पुढं आली. ती मिलमध्ये कधी बोलत नसे. तिनं विटेवरून बोट ओढलं, ते सरांच्या तळहातावर पुसलं आणि म्हणाली, "सर, राग येऊ द्या न्हाई तर न येऊ द्या. ही धूळ झटकून कशी पडंल? तुरीची साल निघायला तेल लावतोत आम्ही. तेल लावलेल्या तुरीची धूळ हाय ही. चिकटतीच."

सरांनी दोन बोटं चोळली. नाकाशी नेली. मग एकदाच माझ्याकडं बघितलं. पिठाच्या गिरणीतल्या डाळीला तेल लावलेलं नसतं, हे समजायला त्यांना तेवढाच वेळ लागला. मला वाटलं, आता बोलतील. मी जमिनीकडं बघत राहिले.

सर बायांकडं वळले. खिशातून ती चिठ्ठी काढून मोठ्यानं वाचली. "कोरी तीन, महिन्यानं पाच. ही मी लिहिली. चूक हाय. चार दिवसांत दहाच्या वर गेलं. मी नांदेडला बसून लिहिलं, इथं येऊन धुळीला हात लावला न्हाई, तुम्हाला इचारलं न्हाई. चूक माझी हाय, विटेची न्हाई." आणि मालकाला म्हणाले, "सोमवारपर्यंत भोक ठेवा. तवर न्हाई जमलं तर मी सोता गवंड्याला विटा देतो हातात."

मालक म्हणाला, "सोमवार म्हंजी सोमवार."

"अक्का," सर आईला म्हणाले, "तुमच्या चाळण्यांवर बी हीच धूळ बसत असंल. काय करता?"

"धुतो की. गरम पाणी, त्यात सोडा. आन् धूळ बसली त्या अंगानं न्हाई, उलट्या अंगानं पाणी मारायचं. न्हाई तर आत घुसून बसती."

सर एखाद्या पोरासारखे हसले. "उलट्या अंगानं!" मग दोन कागद फाडले. एक स्वतः घेतला, एक आईला दिला. "आठ विटा चौकटीत, आठ धुवायला. दर तिसऱ्या दिवशी अदलाबदल. धुतलेली वीट लावली की पाणी कितीवर येईल? आधी लिहायचं, मंग मोजायचं."

"मला अक्षर येत न्हाई, सर."

"आकडे येतात का?"

"आकडे येतात."

आईनं पेन मुठीत धरून एक आकडा लिहिला, घडी घातली. बाया हसायला लागल्या. "आता ही बी कालीजात चालली बगा!"

ते सगळे दिवस बायांनी विटा धुतल्या. सर एका ओळखीच्याकडं लातुरातच राहिले आणि रोज संध्याकाळी मिलमध्ये येऊन मोजायचे. मी धुवायला हात लावला, पण माझ्यावर कुणी काही सोपवलं नाही. मीही मागितलं नाही. एकच वाक्य रोज तोंडाशी यायचं आणि मी ते गिळायचे.

सोमवारी दुपारी मालक, सर आणि सगळ्या बाया नळीपुढं उभ्या राहिल्या. धुतलेल्या विटा दुसऱ्यांदा चौकटीत गेल्या होत्या. पंखा सुरू झाला. गुलाबी पाणी सरकलं, थोडं डुललं, थांबलं. पाच.

सरांनी दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या. त्यांची चार. आईची पाच.

"अक्का जिंकल्या!" सर ओरडले. "पण अक्का, पाच कसं? मला वाटलं सोडा सगळं काढंल."

"चाळणी धुतली तरी नव्यासारखी कधी व्हत न्हाई, सर. थोडं धरूनच बसती."

सरांनी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. मालकानं वाकून आकडा स्वतः वाचला. मग आपल्या माणसाला म्हणाला, "गवंड्याला नको बोलावू," आणि निघून गेला. पंखा आजही आहे. दर तिसऱ्या दिवशी विटा धुतात. आईचा खोकला गेला असं मी लिहिणार नाही, गेलेला नाही. सकाळचा अर्धा तास आता दहा-बारा मिनिटांवर आलाय. घड्याळ लावून सांगते.

त्या सोमवारी मी आणि सर लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत रसवंतीवर बसलो होतो. सर खुशीत होते. रसाच्या फेसात फुंकून झालं होतं. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. आता सगळं ठीक झालंय.

"सर, एक सांगायचंय. ती धूळ मिलमधली नव्हती. मी नांदेडच्या गिरणीतून आणली होती."

सरांनी ग्लास खाली ठेवला. "ठाऊक हाय."

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मी बोलायचं होतं का तू?"

मी म्हणाले, "मी आज सांगितलं ना, सर."

आणि सर चिडले. गोट्यांच्या सूत्रावर चिडायचे तसं मोठ्यानं नाही. हळू आवाजात. "आज सांगून राहिलीस. जिंकल्यावर. आन् कुणाला? मला. रसवंतीवर. भोक बुजायला निघालं होतं तवा गप बसलीस. ज्यांच्या नाकात ती धूळ गेली त्यांना कवा सांगणार?"

"पुढच्या वेळी घरी आले की सांगते."

"मिल किती वाजता सुटती?"

"सहाला."

"आता सव्वापाच झालेत."

"सर, पण गाडी..."

"सुम्ने बस," ते म्हणाले, आणि लगेच उठले, कारण नांदेड गाडी लागली होती. ते चढले. मी मागून चढायला लागले तर त्यांनी शेजारच्या रिकाम्या सीटवर आपली पिशवी ठेवली, खिडकीतून वाकले आणि म्हणाले, "ही जागा भरली हाय."

गाडी अहमदपूरच्या रस्त्याला लागली. मी उलट्या दिशेनं चालत मिलच्या फाटकाशी आले. सहा वाजता बाया बाहेर पडल्या. मी शेकडो लोकांपुढं भाषणं केलेली मुलगी. त्या बावीस बायांपुढं पहिलंच वाक्य दोनदा चुकलं. तरी सांगितलं. धूळ आणायची मला सांगितली होती. मी आणली नाही. भलतीकडची आणली. खोटं बोलले. सरांचं चुकलं नव्हतं, त्यांनी माझ्यासाठी ऐकून घेतलं. आणि पत्रकही त्यांनी नको म्हटलेलं मी छापलं.

मग एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी परीक्षेत कापी केलीस व्हय गं?" आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यात माफी होती की नाही, मला अजून कळलेलं नाही.

आई हसली नाही. घराच्या दाराशी आल्यावर म्हणाली, "आमच्यावर लिहितीस. एक दिवस तरी आत उभी राहिलीस का?"

मी नाही म्हणाले.

"उद्या माझ्या चाळणीपाशी ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढणी तोंडाला बांधून आईच्या जागी उभी राहिले. पंखा चालू होता, पाणी सहावर होतं, तरी दुपारपर्यंत पापण्या पिवळ्या झाल्या आणि घसा काट्यांनी भरला. पंख्याशिवाय इथं काय असेल? हा प्रश्न मी इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारत होते, छापून. संध्याकाळी मिलच्या नळावर हात धुवायला गेले तर पाणी हातावर टिकेना, थेंब थेंब होऊन घसरायला लागलं. मी चोळत राहिले. आईनं स्वतःच्या पिशवीतून कपड्याच्या साबणाची वडी काढून माझ्या हातावर ठेवली. मी एकदा धुतलं, वडी परत दिली.

"ठेव," ती म्हणाली. "अजून एकदा लाव. तेल हाय ते. पैल्या साबणानं निघत नसतं."